सोलापुरातून स्कूबा इन्स्ट्रक्टर व्हायचंय? पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे नाही

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पाण्याखाली थोडा वेळ घालवून, माशांबरोबर फोटो काढून आलेली मंडळी आता सोलापुरात भरपूर आहेत. त्यातल्या एखाद्याच्या डोक्यात परतीच्या प्रवासातच किडा वळवळायला लागतो. आपल्या पाठीवरच्या हवेच्या टँकला धरून आपल्याला फिरवणाऱ्या पोराचं काम आपणच का करू नये? हा लेख त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मालवणची ती डाइव्ह म्हणजे नुसती ओळख. तिचं प्रमाणपत्राचं कार्ड मिळत नाही आणि ती पुढच्या हिशेबातही धरली जात नाही. सुरुवात ओपन वॉटर, म्हणजे प्रमाणपत्राच्या पहिल्या कोर्सपासून होते आणि तिथून इन्स्ट्रक्टरपर्यंतचा एकूण खर्च काही लाखांत जातो. नुसता ओपन वॉटर अंदमानात साधारण पंचवीस ते पस्तीस हजारांत होतो. म्हणून पहिली फी भरण्याआधीच संपूर्ण वाटेचा हिशेब मांडून ठेवायचा.

वाट कशी आहे

डाइव्हिंग शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी पाडी १९६६ सालची आणि एसएसआय १९७० ची. भारतात मुख्यतः या दोघींची केंद्रं दिसतात. दोन्हीकडच्या पायऱ्या सारख्याच आहेत, नावं थोडी वेगळी. पाडीच्या नावांनी सांगतो. ओपन वॉटरमध्ये समुद्रात चार डाइव्ह होतात आणि १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. ॲडव्हान्स्डमध्ये आणखी पाच डाइव्ह आणि ३० मीटर. त्यानंतर प्रथमोपचारासह रेस्क्यू, म्हणजे संकटातल्या डाइव्हरला वाचवायचा कोर्स. मग डाइव्हमास्टर, म्हणजे व्यावसायिक म्हणता येईल अशी पहिली पायरी. त्यासाठी वय १८ पूर्ण हवं, सुरू करताना लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, ४० डाइव्ह हव्यात आणि संपवताना ६०. शेवटी इन्स्ट्रक्टरचा कोर्स, ज्याला सगळे आयडीसी म्हणतात, आणि त्याची परीक्षा, म्हणजे आयई. परीक्षेला बसताना १०० डाइव्ह झालेल्या असाव्या लागतात आणि पहिलं कार्ड मिळून किमान सहा महिने झालेले हवेत.

हे आकडे किमान आहेत. जाहिरातींमध्ये ते मुक्कामाच्या ठिकाणासारखे लिहिलेले असतात आणि सगळी गडबड तिथेच होते. शंभर डाइव्ह झालेला माणूस स्वतःपुरता बरा डाइव्हर असतो. पण समोर चार नवखे, त्यातल्या एकीच्या मास्कमध्ये पाणी शिरलंय, दुसरा वर जायला निघालाय, आणि पाणी गढूळ आहे. अशा वेळी डोकं शांत राहण्याइतका अनुभव त्या शंभरांतून आला आहे का, हे त्या डाइव्ह कशा झाल्या यावर ठरतं. म्हणून माझ्या मते स्वस्त-महाग ठरवायचं ते कार्डाच्या किमतीवरून नाही. जाणत्या माणसाच्या नजरेखाली पाण्यात किती तास मिळाले, त्यावरून ठरवायचं.

पहिला खर्च डॉक्टरचा

विमानाचं तिकीट काढायच्या आधी, आगाऊ पैसे भरायच्या आधी, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. आपल्याकडे लहानपणी कान फुटलेला असतो आणि तो आपोआप बरा झाला म्हणून कुणी लक्षात ठेवलेलं नसतं. पडद्याला जुनं छिद्र असेल, सायनसचा त्रास असेल, दमा असेल, तर ते आत्ताच कळू द्या. विहिरीच्या तळाशी नाणं काढायला बुडी मारलेल्या कुणालाही कानात काय होतं हे माहीत आहे. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो. १८ मीटरवर शरीरावर पृष्ठभागाच्या जवळजवळ तिप्पट दाब असतो. तो कानात सारखा करता आला नाही, तर पुढचे सगळे पैसे पाण्यात.

डाइव्हिंगसाठी वैद्यकीय प्रश्नावलीचा ठरलेला नमुना असतो. त्यातच डॉक्टरांसाठीची मार्गदर्शक पानं असतात. सोलापुरातल्या तुमच्या डॉक्टरांनी हा फॉर्म कदाचित पाहिलेला नसेल, म्हणून ती पानं छापून बरोबर न्या. डाइव्हमास्टर आणि इन्स्ट्रक्टरच्या पायरीला डॉक्टरची सही असलेला फॉर्म लागतोच, आणि तो बारा महिन्यांच्या आतला असावा लागतो. चष्मा असेल तर नंबरचा मास्क करून घ्या. तो खर्च टाळू नका, कारण शिकवताना विद्यार्थ्याच्या टँकवरचा दाब दाखवणारा काटा तुम्हालाच वाचायचा आहे.

आणि कृपा करून फॉर्मवर खोटं ‘नाही’ लिहू नका. हे मी वारंवार बघतो. पाण्याखाली दमा विचारत बसत नाही, कागदावर काय लिहिलं होतं.

सोलापुरात बसून फुकटात काय उरकता येतं

इथे खरी बचत आहे, आणि नेमकी हीच कुणी करत नाही. डाइव्ह केंद्रावर राहण्या-खाण्यासकट जाणारा प्रत्येक दिवस महाग असतो. जे घरी होण्यासारखं आहे ते घरीच उरका.

पोहणं आधी. डाइव्हमास्टरला ४०० मीटर सलग पोहायचं असतं. मास्क-फिन-स्नॉर्केल लावून ८०० मीटर, एका जागी पंधरा मिनिटं तरंगणं (शेवटची दोन मिनिटं हात पाण्याबाहेर), आणि निपचित पडलेल्या डाइव्हरला १०० मीटर ओढून नेणं, हेही असतं. तरंगणं सोडून बाकीच्यांना वेळेनुसार गुण मिळतात. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पोरं पाण्याला घाबरत नाहीत, हा मोठा फायदा. पण त्यांची पोहण्याची ढब दम खाणारी असते, डोकं कायम वर. जलतरण तलावावर तीन-चार महिने प्रशिक्षकाकडून श्वासाची लय बसवून घ्या. उन्हाळ्यात सोलापुरात तलावाशिवाय दुसरं सुचतंच काय! फक्त एक करू नका: एकट्याने श्वास रोखून पाण्याखाली लांबच लांब जायचा सराव. पाण्यातच शुद्ध हरपते आणि आजूबाजूच्यांना कळतही नाही. हिप्परग्याला किंवा उजनीत कुणी ‘माझ्याकडे टँक आहे, चल’ म्हणाला तरी जाऊ नका.

दुसरं म्हणजे थिअरी. परीक्षेत पाच विषय असतात: भौतिकशास्त्र, शरीरशास्त्र, उपकरणं, कौशल्यं आणि पर्यावरण, आणि डाइव्हची कोष्टकं, म्हणजे किती खोलीवर किती वेळ थांबता येतं त्याचे तक्ते. पास व्हायला ७५ टक्के लागतात. भौतिकशास्त्र म्हणजे बॉइलचा नियम आणि आर्किमिडीज. अकरावी-बारावी शास्त्र शाखेत झाली असेल तर दोन आठवड्यांचं काम. वाणिज्य किंवा कला शाखेतून आला असाल तर गल्लीतल्या क्लासच्या सरांना गाठा. ते हे गणित चहावर शिकवतील. बेटावर हेच शिकवायला दिवसाचं भाडं मोजायचं म्हणजे चूकच. शिवाय प्रश्न इंग्रजीत असतात. म्हणून इंग्रजी शब्द लक्षात ठेवायचे, पण समज मराठीतून पक्की करायची.

तिसरं, बोलणं. आयडीसीमध्ये अर्ध्याहून अधिक भर तुम्ही कसं शिकवता यावर असतो. ठरलेल्या वेळात एक मुद्दा मांडायचा, प्रश्न विचारायचे, गोंधळलेल्याला पुन्हा समजावायचं. घरात भावंडांसमोर उभं राहून रोज करा. हसतील. हसू द्या.

आणि एक गोष्ट सोलापूरकरांना जन्मतः मिळालेली असते. घरात मराठी, शेजारी तेलुगू, दुकानात कन्नड, रस्त्यावर दखनी हिंदी. अंदमानात आणि पुदुच्चेरीत उतरणारे पर्यटक हैदराबाद, बंगळूर, पुणे, मुंबईचे असतात. पाण्यात उतरताना घाबरलेल्या बाईला तिच्या भाषेत ‘काही होत नाही’ म्हणणारा इन्स्ट्रक्टर केंद्राला हवाच असतो. बायोडेटात भाषा सगळ्यात वर लिहा.

ओपन वॉटर कुठे करायचा

जवळचं ठिकाण तारकर्ली-मालवण. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि खासगी केंद्रंही आहेत. मिरज-कोल्हापूर मार्गे घाट उतरून जायचं, म्हणजे प्रवासखर्च कमी. पाणी मात्र अंदमानाइतकं स्वच्छ नसतं, आणि जूनपासून पावसाळाभर काम बंद असतं. कर्नाटकात मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी बेट आहे. पूर्व किनाऱ्यावर पुदुच्चेरी आहे. मुंबई-चेन्नई मार्गावरच्या गाड्या सोलापुरातूनच जातात, त्यामुळे चेन्नईपर्यंत बसल्या जागी पोहोचता येतं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, म्हणून त्यांचा हंगाम आपल्या किनाऱ्यापेक्षा वेगळा. अंदमानसाठी चेन्नई किंवा हैदराबादहून विमानाने श्री विजयपुरम, म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, आणि पुढे बोटीने स्वराज द्वीप. हॅवलॉक म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.

पहिल्या कोर्सला ठिकाणापेक्षा माणूस बघा. पाडीच्या नियमात समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त आठ विद्यार्थी चालतात. नियमात बसतं म्हणून आठच्या गटात जाऊ नका. तीन-चारांचा गट असेल तर थोडे जास्त पैसे मोजा. पाण्यात तरंगण्यावरचा ताबा इथेच बसतो किंवा कायमचा बिघडतो. तळाशी गुडघ्यावर बसवून सगळी कौशल्यं करून घेणाऱ्या इन्स्ट्रक्टरपेक्षा अधांतरी तरंगत करून घेणारा शोधा. असं शिकलेल्या माणसाला पुढे डाइव्हमास्टरला कमी वेळ लागतो, आणि कमी वेळ म्हणजे कमी खर्च.

केंद्र पारखायचं कसं

फोनवर सगळेच गोड बोलतात. शक्य असेल तर एक दिवस नुसते जाऊन बसा. बोट सुटण्याआधी आणि परत निघण्याआधी माणसं मोजतात का? बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, आणि तो उघडून दाखवतात का? टँकवर हायड्रो टेस्टची, म्हणजे टँक दाब सोसतो का त्या तपासणीची, तारीख ठोकलेली असते, ती विचारा. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी जनरेटरच्या धुराजवळ असेल तर तिथून उठा. टँकमध्ये कार्बन मोनॉक्साइड गेला तर वास येईलच असं नाही. भाड्याच्या रेग्युलेटरची, म्हणजे टँकमधली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राची, देखभाल शेवटची कधी झाली, याची नोंदवही मागा. नोंदवही आहे की नाही, यापेक्षा मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघा.

डाइव्हमास्टर: खरा हिशेब इथे

बहुतेक लोक आयडीसीसाठी पैसे साठवतात आणि डाइव्हमास्टर स्वस्तात उरकतात. मी उलट करायला सांगेन. इन्स्ट्रक्टर घडतो तो डाइव्हमास्टरच्या महिन्यांत. आयडीसी फक्त त्याला शिस्त लावते.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पद्धत खरी. दोन्ही वेळा तुमच्या लॉगबुकात आधीच ४० डाइव्ह आहेत असं धरा. ‘अ’ केंद्र सांगतं सत्तर हजार, तीन आठवडे, २० डाइव्ह. राहणं-खाणं रोजचं हजार, उपकरणांचं भाडं रोजचं पाचशे. म्हणजे सत्तर हजार, अधिक एकवीस हजार, अधिक साडेदहा हजार: एक लाख दीड हजार. ‘ब’ सांगतं एक लाख दहा हजार, आठ आठवडे, ६० डाइव्ह, उपकरणं त्यांची. राहण्या-खाण्याचे छप्पन्न हजार धरून एक लाख सहासष्ट हजार. वरवर ‘अ’ स्वस्त. पण ‘अ’कडून निघताना तुमच्या ६० डाइव्ह झालेल्या असतात, ‘ब’कडून १००. आयईसाठी लागणाऱ्या उरलेल्या ४० डाइव्ह पर्यटक म्हणून विकत घ्याव्या लागतील. एक डाइव्ह तीन हजारांना धरली तर एक लाख वीस हजार. ‘अ’चा आकडा दोन लाख एकवीस हजार पाचशे झाला. त्या चाळीस डाइव्हसाठी राहण्याचे दिवस अजून धरलेलेच नाहीत.

पण ‘ब’लाही नुसता आकडा बघून पैसे देऊ नका. त्या साठांतल्या किती डाइव्हमध्ये तुम्ही प्रत्यक्ष कोर्सच्या विद्यार्थ्यांबरोबर मदतनीस असणार, हे विचारा. मागून पर्यटकांचे फोटो काढत फिरणं ही संख्या वाढवते, अनुभव नाही. ‘काम करा, कोर्स फुकट’ अशी इंटर्नशिप मिळते तेव्हा हाच प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. टँक उचलणं, उपकरणं धुणं, काउंटर सांभाळणं हा धंद्याचा भागच आहे. त्याला कमी लेखायचं कारण नाही. मात्र दिवसाचे दहा तास काउंटर आणि आठवड्याला दोन डाइव्ह असा सौदा असेल, तर तुम्ही फी पैशांऐवजी महिन्यांत भरताय. किती दिवसांचं काम, किती डाइव्ह, सुट्टी कधी, कोर्स कोणत्या तारखेला पूर्ण, हे लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवर लिहिलेलंही चालेल, पण लिहिलेलं हवं.

परदेशात इंटर्नशिप करणार असाल तर पर्यटक व्हिसावर काम चालत नाही. थायलंडमध्ये कामाचा परवाना वेगळा लागतो. ‘इथे सगळे असंच करतात’ म्हणणारा माणूस तुम्हाला विमानतळावर सोडवायला येत नाही.

एक गंमत म्हणून सांगतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर न्या. बेटावर जेवण महाग असतं, कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, आणि खोलीतल्या इतर राज्यांतल्या पोरांशी ओळख व्हायला याहून सोपा मार्ग नाही.

घाट आणि विमान: न दिसणारा एक दिवस

हे सोलापूरकरांना कुणी सांगत नाही. डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. लगेच उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, या संस्थेची शिफारस अशी: एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. या शिफारशी साधारण ६०० मीटरपासून पुढच्या उंचीला लागू होतात.

आता नकाशा बघा. मालवणहून सोलापूरला यायचं तर सह्याद्री चढावाच लागतो. आंबोलीची उंची सातशे मीटरच्या आसपास आहे. दुपारी शेवटची डाइव्ह करून संध्याकाळी गाडीत बसणं हे विमानात बसण्याच्याच नियमात मोडतं. म्हणून प्रत्येक फेरीत शेवटचा दिवस कोरडा धरा आणि त्या मुक्कामाचे पैसे आधीच बाजूला काढा. आठवड्याच्या सुट्टीत धावतपळत कोर्स उरकणाऱ्याला नेमका हाच दिवस नको असतो.

त्याच कारणाने विमा. साध्या आरोग्य विम्यात दाबकक्षातले (असे बुडबुडे झाल्यावर जास्त दाबाच्या बंद खोलीत होणारे) उपचार आणि तातडीने हलवण्याचा खर्च धरलेला असेलच असं नाही. डाइव्हिंगसाठीचा विमा पहिल्या कोर्सपासून घ्या. लाखांच्या वाटेवर ही रक्कम लहान आहे.

उपकरणं एकदम घेऊ नका

पहिला मास्क, स्वतःच्या चेहऱ्यावर लावून बघून. मग फिन आणि बूट. मग खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर, कारण आधीच्या डाइव्हची नोंद मनगटावर राहावी, भाड्याच्या यंत्रात नाही. आपल्या पाण्यात तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. रेग्युलेटर आणि बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट, डाइव्हमास्टर संपत आल्यावर घ्या. तोवर वेगवेगळ्या कंपन्यांचं भाड्याचं सामान वापरून आपल्याला काय सोयीचं पडतं हे कळलेलं असतं. वापरलेली बीसीडी बघून घेता येते. वापरलेला रेग्युलेटर मात्र देखभालीच्या पावत्यांशिवाय घेऊ नका, आणि ज्या कंपनीची देखभाल भारतात होत नाही तिचा नवाही घेऊ नका.

मध्ये एक हंगाम थांबा

‘शून्यापासून इन्स्ट्रक्टर’ असं एकरकमी पॅकेज दिसेल. थायलंडचं को ताओ बेट त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे केंद्रांची गर्दी आहे, स्पर्धेमुळे दर कमी आहेत आणि परीक्षा वारंवार होतात. बेट वाईट नाही, चांगले शिक्षक तिथे आहेत. माझा आक्षेप एकरकमी सौद्याला आहे. पहिल्याच दिवशी सगळे पैसे एका हातात दिले की दुसऱ्या महिन्यात काही खटकलं तरी तुम्ही निघू शकत नाही. उबदार, स्वच्छ पाण्यात शंभर डाइव्ह करून थेट इन्स्ट्रक्टर झालेला माणूस मालवणच्या गढूळ पाण्यात पहिला विद्यार्थी घेऊन उतरतो तेव्हा दोघंही शिकत असतात, हेही खरं.

म्हणून डाइव्हमास्टर झाल्यावर एक हंगाम पगारावर काम करा. पगार बेताचाच मिळेल. पण डाइव्ह फुकट वाढतात, लाटा-प्रवाह-गढूळपणा सगळं बघून होतं, आणि हे काम रोज, पाठदुखीसकट, आपल्याला आवडतं का ते कळतं. काहींना नाही आवडत. ते आयडीसीचे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं. घरचं सोनं गहाण ठेवून किंवा व्याजाने पैसे काढून ही वाट एका दमात चालू नका. प्रत्येक पायरीचे पैसे त्या पायरीला. बँकेचं शैक्षणिक कर्ज मिळेल असं धरूनही चालू नका.

आयडीसी: जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

आयडीसी घेतो तो कोर्स डायरेक्टर, म्हणजे इन्स्ट्रक्टर घडवणारा वरिष्ठ शिक्षक, साधारण दहा ते चौदा दिवस. आयई मात्र संस्थेचा बाहेरचा परीक्षक घेतो. त्यामुळे ‘आमच्याकडे शंभर टक्के निकाल’ या ओळीवर फार भाळू नका. बहुतेक उमेदवार पास होतातच. फरक पास झाल्यावर पाण्यात दिसतो.

जाहिरातीत छापलेली रक्कम बहुधा फक्त शिकवणीची असते. हे वेगळं विचारा: आयडीसीचं साहित्य, प्रथमोपचार प्रशिक्षकाचा कोर्स आणि त्याचा अर्ज, आयईची फी, इन्स्ट्रक्टर म्हणून नोंदणीचा अर्ज, वार्षिक सदस्यत्व, व्यावसायिक जबाबदारीचा विमा, परीक्षेचा एखादा भाग पुन्हा द्यावा लागला तर त्याची फी. यातल्या बऱ्याच रकमा परकीय चलनात संस्थेला थेट जातात, म्हणजे कार्डावरचा विनिमय आकारही धरायचा. केंद्राकडून ‘सगळं मिळून’ असा एकच आकडा लेखी मागा आणि त्यात काय नाही ते खाली लिहून द्यायला सांगा.

कोर्स डायरेक्टरशी स्वतः बोला. या तुकडीत किती जण आहेत, तुम्ही स्वतः किती दिवस असता आणि सहायक किती दिवस, आयडीसीआधी तयारीचे दिवस देता का, आयई झाल्यावर प्रत्यक्ष कोर्समध्ये जोडीने शिकवायला मिळेल का. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. परीक्षेतले ‘विद्यार्थी’ म्हणजे तुमचेच सहउमेदवार, ते ठरवून चुका करतात. खरा विद्यार्थी ठरवून काहीच करत नाही. मागच्या वर्षीच्या दोन उमेदवारांचे नंबर मागा आणि त्यांना एवढंच विचारा की आज तू कुठे काम करतोस.

पाडी की एसएसआय, यावर रात्र-रात्र वाद घालणारे भेटतील. आयएसओच्या मानकांत इन्स्ट्रक्टरची पातळी ठरलेली आहे आणि दोन्ही संस्था त्यात बसतात. कामाचा फरक एवढाच की एसएसआयचा इन्स्ट्रक्टर त्यांच्याशी जोडलेल्या केंद्रामार्फतच शिकवतो, पाडीच्याला स्वतंत्रपणेही शिकवता येतं. जिथे नोकरी करायची आहे तिथली केंद्रं कोणती पाटी लावतात ते बघा आणि ती घ्या. पुढे एका संस्थेतून दुसरीत जायचा मार्ग असतोच.

पहिली नोकरी आणि पावसाळा

पगार ठरवताना महिन्याचा आकडा एकटा ऐकू नका. राहायला खोली आहे का, दर कोर्समागे वेगळे पैसे मिळतात का, वार्षिक नूतनीकरण आणि विमा कोण भरतं, बंद महिन्यांत काय. पाच स्पेशालिटी, म्हणजे एकेका विषयाचे विशेष कोर्स, शिकवायची पात्रता घेतली आणि २५ विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रं दिली की पाडीत एमएसडीटी ही पुढची श्रेणी मिळते. पण स्पेशालिटी संख्येसाठी घेऊ नका. तुमच्या पाण्यात ज्या विकल्या जातात त्याच घ्या.

पश्चिम किनारा बंद असतो तेव्हा बरेच जण घरी येऊन नुसते बसतात. त्याची गरज नाही. आयडीसीबरोबर प्रथमोपचार प्रशिक्षकाची जी पात्रता मिळते, तिला समुद्र लागत नाही. सीपीआर आणि प्रथमोपचाराचे वर्ग तुम्ही सामान्य लोकांनाही घेऊ शकता, आणि ते सोलापुरातच. जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, एमआयडीसीत चादरी-टॉवेलचे कारखाने आहेत, शाळा आहेत, जिम आहेत, जलतरण तलावांवर जीवरक्षक आहेत. सरावाचा पुतळा एकदा घ्यावा लागतो आणि प्रत्येक प्रमाणपत्रामागे संस्थेला रक्कम द्यावी लागते. ती धरून दर ठरवा. पहिला वर्ग आपल्याच तालमीतल्या किंवा गणेश मंडळातल्या पोरांचा घ्या, कमी पैशांत. दुसऱ्या वर्गाला नेहमीचा दर लावा, ओळखीचे असले तरी.